विमानाच्या खिडकीतलं भोक

विमानात खिडकीजवळची जागा मिळाली, की ढग बघून झाल्यावर नजर एका गोष्टीवर अडकते. काचेच्या खालच्या भागात, बरोबर मध्यावर, टाचणीच्या डोक्याएवढं एक भोक असतं. विमान उंच गेलं की कधीकधी त्या भोकाभोवती बर्फाची बारीक नक्षीही जमते. सायकलच्या ट्यूबला एवढंसं भोक पडलं तर काय होतं, हे आपण लहानपणापासून बघत आलोय. मग जमिनीपासून दहा-साडेदहा किलोमीटर वर उडणाऱ्या विमानाच्या खिडकीला कुणी मुद्दाम भोक पाडून ठेवावं, हे काय गौडबंगाल आहे?

खिडकी एका काचेची नसते. मुळात ती काचही नसते, ॲक्रिलिक नावाचं मजबूत, पारदर्शक प्लास्टिक असतं आणि त्याचे तीन थर असतात. आपण ज्याला डोकं टेकवून झोपतो तो सर्वांत आतला थर केवळ ओरखड्यांपासून बचाव म्हणून असतो. खरं काम करतो तो सर्वांत बाहेरचा थर. मधला थर हा राखीव गडी. बाहेरचा कधी फुटलाच तर भार त्याने पेलायचा. भोक असतं ते या मधल्या थराला. त्या भोकातून केबिनची हवा मधल्या आणि बाहेरच्या थरांच्या फटीत जाते, मधल्या थराच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि सगळा भार बाहेरच्या थरावर पडतो. राखीव गडी ताजातवाना राहतो. शिवाय फटीतलं बाष्प निघून जायला वाट मिळते, त्यामुळे खिडकीवर धुकं साचत नाही.

आता प्रश्न असा, की हा भार म्हणजे नेमका किती आणि तो येतो कुठून?

प्रवासी जेट विमानं साधारण ३५ हजार फुटांवरून उडतात. तिथली हवा विरळ असल्याने विमानाला अडथळा कमी होतो, इंधन वाचतं आणि बरंचसं वादळवारं खाली राहतं. पण तिथे तापमान उणे ५४ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम पाव. उंचावर हवेत ऑक्सिजन कमी असतो असं आपण म्हणतो, ते शब्दशः खरं नाही. ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं. हवाच पातळ झालेली असते, त्यामुळे एका श्वासात मिळायला हवा तेवढा ऑक्सिजन मिळत नाही. म्हणून केबिनमध्ये हवा दाबून भरावी लागते.

ती किती भरायची? मुंबईच्या किनाऱ्याइतका दाब आत ठेवता आला तर प्रवाशांना उत्तमच. पण आतला आणि बाहेरचा दाब यात जितका फरक जास्त, तितका विमानाचा सांगाडा भक्कम आणि जड करावा लागतो. म्हणून तडजोड ठरलेली आहे: विमान कितीही उंच उडो, केबिनमधला दाब एरवी ८ हजार फुटांवरच्या दाबापेक्षा कमी होता कामा नये. ८ हजार फूट म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दीडपट उंची, सिमल्यापेक्षाही थोडी वर. मुंबई-दिल्ली प्रवासात आपण चहा पीत बसलेलो असतो ते एका अर्थाने अशा उंच डोंगरावर, तेही वीस-पंचवीस मिनिटांत चढून. बोइंग ७८७ आणि एअरबस ए-३५० या नव्या विमानांत, सांगाड्यात कार्बन फायबरचा भरपूर वापर असल्याने, ही मर्यादा ६ हजार फुटांवर आणता आली. लांबच्या प्रवासात या विमानांतून उतरल्यावर थकवा जरा कमी वाटतो असं अनेक जण सांगतात, त्याचं एक कारण हे असावं.

दाबाच्या या फरकामुळे विमानाच्या कवचावर आतून बाहेरच्या दिशेने दर चौरस मीटरला सुमारे सहा टन जोर येतो. आपल्या शेजारच्या त्या छोट्या खिडकीवरच जवळपास चारशे किलो. दरवाजावर दहा टनांहून अधिक. उडत्या विमानाचं दार एखाद्या माथेफिरूने उघडलं तर, ही भीती अनेकांना असते. तिचं उत्तर या आकड्यात आहे. बहुतेक प्रवासी विमानांचं दार बाटलीच्या बुचासारखं, पण आतून बसवलेलं असतं. ते उघडायला आधी थोडं आत किंवा वर सरकवावं लागतं आणि तो दहा टनांचा जोर त्याला चौकटीवर दाबून धरत असतो. पैलवान आणले तरी ते हलत नाही. मात्र जमीन जवळ आली की आतला-बाहेरचा दाब सारखा होत जातो आणि ही कडी आपोआप सैल होते. मे २०२३मध्ये दक्षिण कोरियात एशियाना एअरलाइन्सच्या विमानात एका प्रवाशाने दार उघडलं तेव्हा विमान उतरण्याच्या बेतात, फक्त सातशे फुटांवर होतं. विमान उघड्या दारानिशी सुखरूप उतरलं. काही प्रवाशांना श्वासाचा त्रास झाला, तेवढंच.

हे सगळं आज इतकं सहज सांगता येतं, कारण त्याची किंमत एका पिढीने मोजलेली आहे.

मे १९५२मध्ये ब्रिटनने ‘कॉमेट’ हे जगातलं पहिलं प्रवासी जेट विमान सेवेत आणलं. इतर विमानं पंख्यांच्या घरघराटात, ढगांचे हेलकावे खात जात असताना कॉमेट ४० हजार फुटांपर्यंत चढून शांतपणे पुढे निघून जाई. १० जानेवारी १९५४ रोजी रोमहून लंडनला निघालेलं एक कॉमेट एल्बा बेटाजवळ आकाशातच फुटलं. ३५ जण गेले. समुद्रातून काढलेल्या मृतदेहांची तपासणी इटलीतल्या पिसा इथल्या न्यायवैद्यक तज्ज्ञांनी केली. फुफ्फुसं फाटलेली होती, कवट्यांना मार होता. एका क्षणात केबिनमधली हवा निघून गेली तर असं होऊ शकतं. पण विमान का फुटावं, याचं उत्तर त्यात नव्हतं. इंजिनाला आग लागली असेल असं धरून काही बदल करण्यात आले आणि मार्चमध्ये कॉमेट पुन्हा उडू लागलं. दोन आठवड्यांनी, ८ एप्रिलला, दुसरं कॉमेट नेपल्सजवळ तसंच समुद्रात पडलं. आणखी २१ जण गेले.

त्यानंतर फार्नबरो इथल्या संशोधन संस्थेत जे केलं गेलं, ते अपघात तपासाच्या इतिहासात आजही सांगितलं जातं. एक आख्खं कॉमेट पाण्याच्या प्रचंड टाकीत बुडवलं. पंख तेवढे टाकीच्या बाहेर. मग विमानाच्या आत पाणी दाबाने भरायचं, पुन्हा दाब कमी करायचा. भरायचं, कमी करायचं. एक चक्र म्हणजे एक उड्डाण. पाणीच का, हवा का नाही? कारण हवा दाबली की फुग्यासारखी ताकद साठवून ठेवते आणि फुटली की चिंध्या करते. मग तडा कुठून सुरू झाला हे कळणार कसं? पाणी दाबलं तरी आकसत नाही, त्यामुळे पत्रा जिथे फाटेल तिथेच थांबतो. त्या विमानाची आधी १,२२१ उड्डाणं झालेली होती. टाकीत आणखी १,८३६ चक्रं झाली आणि पत्रा फाटला. सुरुवात होती खिडकीच्या कोपऱ्यापाशी.

लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही. पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. धातूला थकवा येतो. प्रत्येक उड्डाणात विमान फुग्यासारखं किंचित फुगतं आणि उतरताना पुन्हा आकसतं. हा ताण पत्र्यातून वाहत असतो असं समजा. मध्ये खिडकीसाठी कापलेली जागा आली, की त्याला वळसा घालून जावं लागतं. कड गोलाकार असेल तर ताण सहज वळतो. कोपरा असेल तर तिथे तो दाटतो, लोकल स्टेशनच्या जिन्याच्या वळणावर गर्दी दाटते तसा. कॉमेटच्या कोपऱ्यांवरचा ताण आरेखनकारांनी धरला होता त्याहून खूप जास्त निघाला.

“चौकोनी खिडक्यांनी कॉमेट पाडलं” असं वाक्य त्यामुळे प्रचलित झालं. ऐकायला छान, पण पुरतं खरं नाही. त्या खिडक्यांचे कोपरे तसे थोडे गोलावलेलेच होते. आणि एल्बाच्या समुद्रातून वर काढलेल्या तुकड्यांत तड्याचं मूळ सापडलं ते प्रवाशांच्या खिडकीपाशी नव्हे, तर छतावर दिशादर्शक अँटेनासाठी केलेल्या झरोक्याच्या कोपऱ्याशी. रिव्हेट ठोकण्याची पद्धत, पत्र्याची जाडी, चाचणीची रीत, असं बरंच काही त्यात गुंतलेलं होतं. तरीही धडा तोच राहतो. आज जगातल्या कुठल्याही जेट विमानात बसा, खिडकी लंबगोल असते आणि दाराचे कोपरेही गोल असतात. विमानाच्या चाचणीत हजारो उड्डाणांचा थकवा आधी जमिनीवरच आणून बघितला जातो.

आता थोडं आत येऊ. केबिनमध्ये दाबून भरायची ही हवा येते इंजिनातून. हे ऐकून नाक मुरडायचं कारण नाही. जेट इंजिनाचा पुढचा भाग हा हवा दाबणारा पंपच असतो. इंधन मिसळण्याआधीच तिथली थोडी हवा काढून घेतात. दाबल्यामुळे ती भयंकर तापलेली असते, म्हणून थंड करून केबिनमध्ये सोडतात. बोइंग ७८७ मात्र वेगळं. त्यात विजेवर चालणारे स्वतंत्र पंप आहेत. बहुतेक विमानांत साधारण निम्मी हवा ताजी आणि निम्मी केबिनमधलीच, दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरमध्ये असतात तशा बारीक गाळण्यांतून फिरवलेली असते. दर दोन-तीन मिनिटांनी सगळी हवा बदलते. तेव्हा “विमानातली कोंदट हवा” ही तक्रार बहुतेक वेळा चुकीच्या नावाने केलेली असते. ती हवा कोंदट नसते, कोरडी असते. आर्द्रता १० ते २० टक्के. घसा सुकतो, डोळे चुरचुरतात, जेवण बेचव लागतं.

आणि गंमत म्हणजे विमानाच्या शेपटीकडच्या भागात एक खरंखुरं, मोठं भोक असतं. त्यावर झडप बसवलेली असते. एका बाजूने हवा सतत आत येते, दुसऱ्या बाजूने ती झडप कमी-जास्त उघडून हवा बाहेर सोडली जाते. गळका रांजण नळाखाली धरून पाण्याची पातळी कायम ठेवावी, तसा केबिनचा दाब ठेवला जातो. म्हणजे विमान ही हवाबंद डबी नाहीच. त्यामुळे एखादी खिडकी तडकली तर विमान लगेच फुटेल, असं सिनेमात दिसतं तसं होत नाही. जानेवारी २०२४मध्ये अमेरिकेत अलास्का एअरलाइन्सच्या विमानाचं दारासारखं अख्खं झाकण सुमारे १६ हजार फुटांवर उडून गेलं. तरी आतले सगळे, १७७ जण, जिवंत परतले.

नळच सुरू केला नाही तर मात्र पंचाईत होते. सप्टेंबर २०१८मध्ये मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात इंजिनातली हवा केबिनमध्ये सोडणारं बटण वैमानिकांकडून सुरू करायचं राहून गेलं. विमान चढत गेलं, मास्क खाली आले, तीसेक प्रवाशांच्या नाका-कानातून रक्त आलं. विमान मुंबईला परत फिरलं म्हणून निभावलं.

मास्कची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण उड्डाणाआधी केबिन क्रू ती सांगत असताना निम्मं विमान मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेलं असतं. केबिनमधला दाब साधारण १४ हजार फुटांवरच्या दाबाइतका खाली आला, की मास्क आपोआप पडतात. बहुतेक विमानांत वर ऑक्सिजनचं सिलिंडर नसतं, सोडियम क्लोरेट हे रसायन भरलेली एक नळी असते. मास्क आपल्याकडे ओढला की दोरी खेचली जाते, रासायनिक क्रिया सुरू होते आणि ऑक्सिजन येऊ लागतो. म्हणून तो ‘ओढा’ असं सांगतात. नुसता तोंडाजवळ धरून चालत नाही. त्या नळ्या चांगल्याच तापतात, करपल्याचा वास येऊ शकतो. मास्कची पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येतच असतो. हा साठा साधारण १२ ते १५ मिनिटं पुरतो. एवढाच? हो, कारण तेवढ्या वेळात वैमानिक विमान झपाट्याने १० हजार फुटांपर्यंत खाली आणतो आणि तिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. हिमालयावरून जाताना खालीच पर्वत असतात, इतकं खाली येता येत नाही; तिथे कोणत्या वाटेने बाहेर पडायचं हे आधीच आखलेलं असतं.

“दुसऱ्याला मदत करण्याआधी स्वतःचा मास्क लावा.” कुठल्याही आईच्या मनाला न पटणारं वाक्य. पण यामागचं गणित निष्ठुर आहे. ३५ हजार फुटांवर केबिनचा दाब गेला, तर माणसाला शुद्धीत राहून काही ठरवण्यासाठी ३० ते ६० सेकंद मिळतात. हवा झटक्यात गेली तर त्याहून कमी. श्वास रोखून धरल्यावर आपण जमिनीवर मिनिटभर काढतो, मग तिथे का नाही? कारण इतक्या कमी दाबात फुफ्फुसातल्या हवेत ऑक्सिजन इतका कमी उरतो, की उलटा प्रवास सुरू होतो. रक्तातला ऑक्सिजन फुफ्फुसात येतो आणि उच्छ्वासातून बाहेर पडतो. प्रत्येक श्वासागणिक रक्त रिकामं होत जातं. मूल काही सेकंद बेशुद्ध पडलं तरी तुम्ही शुद्धीवर असाल तर त्याला मास्क लावू शकता, ते सावरतं. तुम्ही आधी पडलात, तर तुम्हाला मास्क लावण्याची अपेक्षा त्या मुलाकडून कशी करायची?

त्याहून घातक गोष्ट ही, की ऑक्सिजन कमी पडताना गुदमरल्यासारखं वाटत नाही. गुदमरल्याची जाणीव मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते आणि इथे तो नीट बाहेर पडत असतो. उलट बरेचदा माणूस खुशीत येतो, थोडीशी झिंग चढल्यासारखा. हवेचा दाब कमी करता येणाऱ्या खोलीत बसवून वैमानिकांना हा अनुभव मुद्दाम दिला जातो. सोपी वजाबाकी करायला सांगतात, अक्षर बिघडत जातं, उत्तरं चुकतात आणि माणसाला वाटत असतं की आपलं अगदी झकास चाललंय.

ऑगस्ट २००५मध्ये सायप्रसमधल्या लार्नाकाहून अथेन्सला निघालेल्या हेलिओस एअरवेजच्या विमानात हेच झालं. जमिनीवरच्या तपासणीनंतर दाब नियंत्रणाचं बटण ‘स्वयंचलित’वर परत आणायचं राहिलं. विमान चढताना धोक्याचा भोंगा वाजला. पण तोच भोंगा जमिनीवर असताना वेगळ्या कारणासाठीही वाजत असे, वैमानिकांचा गोंधळ झाला आणि तो सुटण्याआधीच दोघंही बेशुद्ध झाले. मागे प्रवाशांचे मास्क पडले होते, त्यांचा ऑक्सिजन काही मिनिटांत संपला. ऑटोपायलट मात्र इमानाने विमान अथेन्सपर्यंत घेऊन गेला आणि आकाशात घिरट्या घालत राहिला. ग्रीक हवाई दलाच्या वैमानिकांनी जवळ जाऊन पाहिलं, तर कॅप्टनची जागा रिकामी आणि सहवैमानिक मान टाकून पडलेला. शेवटी इंधन संपलं. १२१ जणांपैकी कुणी वाचलं नाही.

असे प्रसंग फार दुर्मीळ. ८ हजार फुटांवरचा दाब मात्र प्रत्येक प्रवासात आपल्या वाट्याला येतो. निरोगी माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन थोडा उतरतो आणि त्याला ते जाणवतही नाही. पण दमा बळावलेला, फुफ्फुसांचा जुनाट आजार, हृदय कमजोर झालेलं किंवा रक्तातलं हिमोग्लोबिन फारच कमी असलेल्या माणसाला हा फरक जड जाऊ शकतो. तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारावं आणि ऑक्सिजनची गरज असेल तर ते एअरलाइनला आधी कळवावं. घरचा सिलिंडर बरोबर घेऊन चढू देत नाहीत.

दाब कमी झाला की बंदिस्त हवा फुगते. केबिनमध्ये ती सुमारे एक तृतीयांशाने वाढते. चिवड्याचं पाकीट टम्म होतं ते यामुळे. आणि वर असताना अर्धी रिकामी करून झाकण घट्ट लावलेली पाण्याची बाटली जमिनीवर उतरल्यावर चेपलेली दिसते, तेही यामुळेच. शरीरातही अशा बंद जागा आहेत. पोट फुगतं, कानात दडे बसतात. मधल्या कानातून घशात उघडणारी एक बारीक नळी असते. वर चढताना कानातली जादा हवा त्या नळीतून सहज सुटते. उतरताना बाहेरून हवा आत जायला हवी असते, पण नळी मऊ असल्याने ती दबून मिटते. म्हणून कान दुखतो तो बहुधा उतरताना. गिळलं, जांभई दिली की नळी उघडते. गोळी चघळायला देण्यामागे हेच आहे. तान्ह्या बाळाला उतरायला सुरुवात होताच अंगावर पाजावं किंवा बाटली द्यावी. आधीच पाजून झोपवलेलं बाळ नेमकं त्या वेळी किंचाळत उठतं. सर्दीने नाक पार चोंदलेलं असेल तर शक्य असल्यास प्रवास पुढे ढकलावा.

एक इशारा डोळ्यांचा. पडदा सुटल्यावरच्या शस्त्रक्रियेत काही वेळा डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात, तो विरायला काही आठवडेही लागू शकतात. तो असताना विमानात बसलं, तर बुडबुडा फुगून डोळ्यातला दाब वाढतो आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. म्हणून डॉक्टर “विमान नको, उंच घाटमाथाही नको” असं बजावतात. पोटाची दुर्बिणीतून झालेली शस्त्रक्रिया किंवा नुकतंच बरं झालेलं कोलमडलेलं फुफ्फुस असेल तरीही किती दिवस थांबायचं, हे विचारूनच ठरवावं.

आणि मालवण, तारकर्ली किंवा गोव्यात स्कुबा डायव्हिंग करणाऱ्यांसाठी. पाण्याखालच्या वाढलेल्या दाबात रक्तात नायट्रोजन जास्त विरघळतो. तो हळूहळू बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो. तो देण्याआधीच केबिनच्या कमी दाबात जाऊन बसलं, तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात आणि सांधे, मज्जारज्जू, मेंदू यांना इजा होऊ शकते. एकाच डुबकीनंतर किमान १२ तास आणि बऱ्याच डुबक्या मारल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसू नये, असा संकेत आहे. सकाळी डुबकी आणि संध्याकाळी परतीचं विमान, असं सहलीचं वेळापत्रक कुणी आखून दिलं तर ते बदलून घ्यावं. डुबकी पहिल्या दिवशी ठेवावी आणि किल्ला, बाजार, मासे दुसऱ्या दिवशी.